चाळीस अंशांत बर्फ : हिऱ्याच्या ऐरणीत पाणी दाबण्याची नीट पद्धत

हिऱ्यांमध्ये पाणी दाबून बर्फ करायला बसलेल्या मुलांकडून दर उन्हाळ्यात तीच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत कानावर येते. "सर, रूबी दीड गिगापास्कल दाखवतेय, पण बर्फाचा पत्ता नाही." "सर, भोक एका बाजूला सरकलं आणि पाणी गेलं." आणि सगळ्यात वाईट म्हणजे, "सर, टक् असा बारीक आवाज आला." हा शेवटचा आवाज हिरा तडकल्याचा, हे सांगावं लागत नाही.

जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा इकडची एम.एस्सी. आणि पीएच.डी.ची मुलं पहिल्यांदा डायमंड ॲन्व्हिल सेल, म्हणजे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबणारं छोटं उपकरण, हातात घेतात, तेव्हा त्यांचं सगळं लक्ष स्क्रूवर असतं. चूक मात्र स्क्रूला हात लागायच्या आधीच झालेली असते : हिरे पुसताना, हिऱ्यांमधला धातूचा तुकडा म्हणजे गॅस्केट चेपताना, नाहीतर रूबीचं (दाब सांगणाऱ्या माणकाच्या कणाचं) शून्य, म्हणजे दाब नसतानाची जागा, वाचताना. म्हणून हा लेख दाबापेक्षा तयारीवर जास्त बोलतो. सरावासाठी साधं पाणी घेतलं आहे. ते स्वस्त आहे, विषारी नाही, आणि त्यात होणारा बदल क्ष-किरणांशिवाय सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी दिसतो. इंदूरला इंडस-२ या क्ष-किरण देणाऱ्या सिंक्रोट्रॉनवर उच्च दाबाखालच्या क्ष-किरण विवर्तनाची सोय आहे. तिथे मोजून मिळालेल्या वेळेत सेल भरायला शिकत बसायचं नसेल, तर आधी पाण्यावर हात बसवा.

आधी डोक्यात काय हवं

प्रेसिंग फॅक्टरीत कापूस दाबून १७० किलोची गाठ बांधतात. पट्ट्या कापल्या की कापूस पुन्हा फुगतो, कारण दाबाने निघून गेली ती मधली हवा. धागा होता तसाच राहिला. आपल्या सेलमध्ये जे होतं ते वेगळं. इथे रेणूंची बसण्याची पद्धतच बदलते. फ्रिजमधल्या बर्फात पाण्याचे रेणू ऐसपैस बसलेले असतात, म्हणून तो पाण्यावर तरंगतो. दाब वाढत गेला की अशी ऐसपैस रचना महाग पडते आणि कमी जागेत मावणारी रचना टिकते. खोलीच्या तापमानाला पाणी सुमारे एक गिगापास्कलवर, म्हणजे साधारण दहा हजार वातावरणांच्या दाबाखाली गोठतं आणि जो बर्फ तयार होतो त्याला बर्फ-६ म्हणतात. हा पाण्यापेक्षा जड, पाण्यात बुडणारा बर्फ. आणखी दाबलं की २.१ ते २.२ गिगापास्कलच्या आसपास त्याचा बर्फ-७ होतो. त्यासाठी थंडी लागत नाही.

दुसरी गोष्ट बलाची. तुमच्या कॉलेजात आयआर (अवरक्त) स्पेक्ट्रमसाठी केबीआरच्या, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडच्या, चकत्या करायचा हायड्रॉलिक प्रेस असेल. त्यात १३ मिलिमीटरच्या डायवर दहा टन भार दिला तरी दाब होतो सुमारे ०.७४ गिगापास्कल. (त्या डायमध्ये पाणी ओतून पाहायचं डोक्यात आलं असेल तर काढून टाका. पाणी फटीतून निघून जाईल आणि डाय गंजेल, एवढंच.) हिऱ्याच्या टोकाचा सपाट भाग, ज्याला क्युलेट म्हणतात, अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो. त्यावर एक गिगापास्कल दाब यायला हिशोबाने वीस किलोचा भार पुरतो. गॅस्केटही भार खातं म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त लागतो, पण मामला किलोंचाच आहे, टनांचा नाही. हात जड पडतो तो इथेच.

टप्पा १ : खोली आणि दिवस निवडणे

हसू नका, हा टप्पा खरा आहे. दमट मुंबईत बसून लिहिलेल्या सूचना भुसावळच्या मे महिन्यात जशाच्या तशा चालत नाहीत. पाणी किती दाबावर गोठेल हे तापमानावर ठरतं. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा :

- २५ अंश सेल्सिअसला ०.९७ गिगापास्कल
- ३० अंशांना १.०५
- ३५ अंशांना १.१३
- ४० अंशांना १.२२
- ४५ अंशांना १.३२

म्हणजे एसी चालू असलेल्या खोलीत आणि एसी बंद पडलेल्या खोलीत सरळ पाव ते एक तृतीयांश गिगापास्कलचा फरक पडतो. "एक गिगापास्कलला बर्फ होतो" एवढंच पाठ करून बसलेला विद्यार्थी चाळीस अंशांच्या खोलीत एक गिगापास्कलवर थांबून वाट पाहत राहतो.

खोली २५ अंशांचीच हवी असं अजिबात नाही. हवं ते एवढंच की प्रयोगभर तापमान एकच राहावं. एसीचा झोत सेलवर नको. सकाळी लवकर सुरुवात करा. सेलच्या धातूला बारीक थर्मोकपल टेपने चिकटवा. भिंतीवरचा तापमापक भिंतीचं तापमान सांगतो. रूबी वाचायला लागणारे लेझर आणि स्पेक्ट्रोमीटर यूपीएसवर हवेत, कारण लाइट जायची तेव्हा जाणारच, आणि त्यानंतर स्पेक्ट्रोमीटर तापून स्थिर होईपर्यंतची वाचनं विसरायची.

दारं-खिडक्या बंद ठेवा. आपल्याकडची धूळ आणि हंगामात हवेत उडणारी कापसाची तूस, दोन्ही क्युलेटच्या वैरी आहेत.

टप्पा २ : हिरे धुणे आणि पाहणे

दोन्ही हिरे ॲसिटोनने, मग अल्कोहोलने पुसा. टूथपिकच्या टोकाला तूस न सोडणारा कागद गुंडाळून पुसावं. साधा कापूस नको, त्याचे धागे राहतात. पाण्याने धुवायची वेळ आली तर डिस्टिल्ड पाणीच घ्या. बोअरचं पाणी वाळलं की क्षाराचा पांढरा पापुद्रा मागे ठेवतं आणि तो पुढे धूळ समजून तासभर घासत बसावं लागतं.

मग सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक क्युलेट कडेपासून कडेपर्यंत बघा. कडेचा टवका, गोल चीर, आतला ढगाळपणा, जे दिसेल त्याचा फोटो काढा आणि तारीख टाकून ठेवा. पुढच्या वेळी चीर नवी की जुनी हे ओळखण्याचा दुसरा मार्ग नाही.

इशारा : हिरा कठीण आहे, चिवट नाही. दोन क्युलेटच्या मध्ये एक कण सापडला की सगळा भार त्या एका बिंदूवर येतो. माझा एक हिरा असाच गेला. दाबाने नाही, तर घाईघाईत फडक्याने पुसून सेल बंद केल्यामुळे. फडकं स्वच्छ धुतलेलं होतं, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो.

टप्पा ३ : दोन हिरे समोरासमोर आणणे

इथे दोन वेगळी कामं आहेत आणि मुलं ती एकत्र करायला जातात. आधी सरकवणं, मग तिरकेपणा काढणं. उलट केलं तर पहिलं काम दुसऱ्याला बिघडवतं.

सरकवणं : गॅस्केटशिवाय सेल बंद करून हिरे जवळ आणा, पण टेकवू नका. वरून पाहिलं तर दोन क्युलेटच्या कडा एकमेकींवर बसायला हव्यात. बाजूचे छोटे स्क्रू थोडे थोडे फिरवून त्या जुळवा. मग सेल उलटा करून दुसऱ्या बाजूने पुन्हा पहा. एका बाजूने जुळलेलं दुसऱ्या बाजूने न जुळलेलं दिसलं, तर तुम्ही तिरकं पाहत आहात किंवा हिऱ्याची बैठक हललेली आहे.

तिरकेपणा : आता अतिशय हळू, भार न देता, क्युलेट जवळजवळ टेकतील इतके आणा. मधल्या हवेच्या पातळ थरामुळे रंगीत पट्टे दिसतात, तेलाच्या तवंगावर दिसतात तसे. पट्टे जितके जास्त, तितका तिरकेपणा जास्त. एक पट्टा म्हणजे दोन कडांच्या अंतरात पाव मायक्रॉनच्या जरा वर इतका फरक. बैठकीचे स्क्रू फिरवत पट्टे कमी करा. संपूर्ण क्युलेटवर एकच रंग किंवा फार तर एक पट्टा उरला की झालं.

तपासणी : तिरकेपणा काढल्यावर कडा पुन्हा पहा. बहुतेक वेळा थोड्या हललेल्या असतात. दोन्ही एकाच वेळी बरोबर येईपर्यंत हे चक्र चालतं. पहिल्या वेळी दोन तास लागले तर लाज वाटून घेऊ नका. दहा मिनिटांत झालं असं कोणी म्हणालं तर मात्र मी ते पुन्हा तपासतो.

टप्पा ४ : गॅस्केट चेपणे

गॅस्केट म्हणजे पाव मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा तुकडा. त्यात भोक पाडून पाणी ठेवायचं. पण भोक पाडण्याआधी ते हिऱ्यांमध्ये चेपून घ्यायचं असतं आणि हाच टप्पा गाळला जातो. "नुसतं भोक पाडलं तरी चालेल की" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की उत्तर इथेच लिहून टाकतो : नाही चालत. जाड गॅस्केटमधलं भोक दाबाखाली बाहेरच्या बाजूला पसरतं, क्युलेटच्या कडेला पोचतं आणि पाणी जातं. चेपलेलं गॅस्केट आधीच पातळ आणि कडक झालेलं असतं. शिवाय चेपताना बाहेर सरकलेला धातू हिऱ्याच्या उतरत्या बाजूंभोवती कड्यासारखा उभा राहून त्याला आधार देतो.

पद्धत अशी :

१. गॅस्केटची मूळ जाडी मायक्रोमीटरने मोजा.
२. कडेवर मार्करने एक ठिपका द्या आणि सेलवरही त्याच जागी खूण करा. गॅस्केट पुन्हा बसवताना वरची बाजू वर आणि खूण खुणेसमोर यायला हवी. हा ठिपका विसरणारे वर्गात दरवर्षी निम्मे तरी असतात.
३. गॅस्केट बसवून समोरासमोरचे स्क्रू जोडीने, थोडे थोडे आवळा.
४. उघडा, मोजा, पुन्हा बसवा, पुन्हा आवळा. अर्ध्या मिलिमीटरच्या क्युलेटसाठी मधली जाडी १०० मायक्रॉनच्या आसपास आणा. ८० पर्यंत हरकत नाही.

जाडी मोजायला टोकदार जबड्यांचा मायक्रोमीटर लागतो. साधा मायक्रोमीटर खळग्याच्या कडेवर टेकतो आणि जाडी जास्त सांगतो.

तपासणी : खळगा वरून गोल आणि दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो का? एका बाजूची धातूची कड उंच असेल तर टप्पा ३ चुकला आहे. मागे जा. इथून मागे जायला एक तास लागतो, पुढून मागे यायला एक हिरा लागू शकतो.

टप्पा ५ : भोक पाडणे

भोकाचा व्यास क्युलेटच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत. आपल्याला २०० मायक्रॉन पुरे. ते खळग्याच्या बरोब्बर मध्यावर हवं. ठिणगीने धातू कोरणारं यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर सूक्ष्म ड्रिल.

पाडल्यावर कडेला राहिलेला धातूचा काटा सुईने काढा आणि गॅस्केट अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ॲसिटोन, मग अल्कोहोलमध्ये धुवा. भोक मध्यापासून डोळ्याला जाणवेल इतकं सरकलेलं असेल तर ते गॅस्केट फेकून द्या. स्टीलचा तुकडा काही रुपयांचा आहे. "एवढं चालून जाईल" म्हणणाऱ्याला आमच्याकडे अहिराणीत एकच प्रश्न असतो, "घाई कसाले करी रायना, भाऊ?"

टप्पा ६ : रूबी ठेवणे आणि शून्य वाचणे

दाब थेट मोजता येत नाही, तो रूबी सांगते. माणकाच्या कणावर हिरवा लेझर पाडला की तो तांबडा चमकतो. त्या चमकेत दोन ठळक रेषा असतात, आर-१ आणि आर-२. आर-१ साधारण ६९४.२ नॅनोमीटरवर, आर-२ तिच्यापेक्षा सुमारे १.४ नॅनोमीटर कमी तरंगलांबीवर. दाब वाढला की दोन्ही जास्त तरंगलांबीकडे सरकतात, दर गिगापास्कलला ०.३६५ नॅनोमीटरने. आपल्या दोन-तीन गिगापास्कलच्या कामाला एवढं सरळ सूत्र पुरतं : सरकलेलं अंतर भागिले ०.३६५.

गॅस्केट खुणेप्रमाणे खालच्या हिऱ्यावर बसवा आणि रूबीचे पाच ते दहा मायक्रॉनचे दोन कण सुईच्या टोकाने भोकात ठेवा. ते मध्यात नकोत आणि भिंतीला चिकटलेलेही नकोत. कण मोठा असेल तर तो दोन्ही हिऱ्यांमध्ये अडकतो आणि पाण्याचा दाब न सांगता स्वतःचीच व्यथा सांगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. सेल बंद करण्यापूर्वी, दाब शून्य असताना, आर-१ ची जागा वाचा. शेजारी सेलचं तापमान लिहा. हे तुमचं शून्य.

पुस्तकातलं ६९४.२४ हे शून्य म्हणून का घ्यायचं नाही? कारण रूबीची रेषा तापमानानेही त्याच दिशेला सरकते, दर अंशाला साधारण ०.००७ नॅनोमीटर. सकाळी एसीत २५ अंशांना शून्य वाचलं, दुपारी लाइट गेली, सेल ४५ अंशांवर पोचला. वीस अंशांचे ०.१४ नॅनोमीटर झाले, म्हणजे सुमारे ०.३८ गिगापास्कल दाब न देताच "वाढला". ज्या प्रयोगात सगळा खेळच एक गिगापास्कलचा आहे, त्यात ही एक तृतीयांशाची चूक. "रूबी दीड दाखवतेय पण बर्फ नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. त्यात वरच्या यादीप्रमाणे ४५ अंशांना बर्फालाही जास्त दाब लागतो. रूबी दाब वाढवून सांगते आणि पाणी जास्त दाब मागतं, म्हणजे दोन्ही चुका एकाच बाजूला ओढतात.

इशारा : लेझरची शक्ती कमीत कमी ठेवा. जास्त शक्तीने रूबीचा कणच तापतो आणि तीच चूक पुन्हा होते. ५३२ नॅनोमीटरचा योग्य चष्मा घातल्याशिवाय लेझर सुरू करायचा नाही.

तपासणी : उजवीकडची, जास्त उंच रेषा आर-१ आहे याची खात्री करा. चुकून एकदा आर-१ आणि एकदा आर-२ वाचली, तर उत्तर पावणेचार गिगापास्कलने चुकतं.

टप्पा ७ : पाणी भरणे

भोकात मावतं किती? २०० मायक्रॉन व्यास आणि १०० मायक्रॉन उंची, म्हणजे तीन नॅनोलिटरच्या जरा वर. उन्हाळ्यातल्या आपल्या कोरड्या हवेत एवढं पाणी बघता बघता उडतं. म्हणून भोक "भरायला" जाऊ नका. इंजेक्शनच्या सुईने भोकावर चांगला टपोरा थेंब सोडा आणि तो थेंब असतानाच वरचा भाग खाली आणून सेल बंद करा. जास्तीचं पाणी बाजूने निघून जातं.

पाणी डिस्टिल्ड हवं, आणि आदल्या दिवशी उकळून झाकून गार केलेलं. उकळल्याने विरघळलेली हवा निघते. बॅटरीचं पाणी, बाटलीतलं पिण्याचं पाणी, फिल्टरचं पाणी यांपैकी काहीही नको. मीठ-क्षार असलेलं पाणी गोठण्याचा दाब बदलतं.

बंद केल्यावर लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पहा. काळी कड असलेला गोल म्हणजे हवेचा बुडबुडा. अगदी लहान असेल तर पहिल्या दाबातच नाहीसा होतो. भोकाचा चौथा भाग व्यापणारा असेल तर उघडा आणि पुन्हा भरा. दाबल्यावर बुडबुड्याची जागा गॅस्केटचा धातू घेतो आणि भोक आक्रसून वाकडं होतं. रूबी वाहून गेली असेल तरीही उघडा. दोन कण ठेवायला सांगितलं ते यासाठीच.

टप्पा ८ : दाब वाढवणे

समोरासमोरचे स्क्रू जोडीने. घड्याळाचा काटा डोळ्यांसमोर आणा : एका वेळी पाच मिनिटांएवढा फेरा, त्याहून जास्त नाही. अर्धा गिगापास्कल ओलांडल्यावर दोन-तीन मिनिटांएवढा. काही सेलमध्ये एका जोडीचे आटे उलटे असतात. हे आधी रिकाम्या सेलवर पाहून ठेवा, मध्येच शोधायची ही गोष्ट नाही.

प्रत्येक फेऱ्यानंतर पाच ते दहा मिनिटं थांबा. धातू हळूहळू सरकत असतो, दाब लगेच स्थिर होत नाही. मग तापमान लिहा, रूबी वाचा, भोकाचा फोटो काढा. हा क्रम प्रत्येक वेळी हाच.

भोकाकडे बघत राहणं हे रूबीकडे बघण्याइतकंच महत्त्वाचं आहे. एक गिगापास्कलपर्यंत पाणी जवळजवळ एक पंचमांशाने आक्रसतं, त्यामुळे भोक थोडं लहान होणं स्वाभाविक आहे. भोक मोठं होऊ लागलं, लांबट झालं किंवा क्युलेटच्या कडेकडे सरकू लागलं तर थांबा. अशा वेळी आणखी एक फेरा देऊन "बघू या" म्हणू नका. दाब उतरवा आणि नवं गॅस्केट घ्या. स्क्रू फिरतोय पण रूबी हलत नाही, याचा अर्थ पाणी गळतंय किंवा पिस्टन सिलिंडरमध्ये अडकलाय. दोन्हींचं उत्तर जोर लावणं हे नाही.

घरी विचारतात, एवढा दाब, स्फोट होणार नाही ना? तीन नॅनोलिटर पाण्यात साठलेली ऊर्जा नगण्य आहे. उडाला तर हिऱ्याचा कण उडेल, आणि त्यासाठी डोळ्यांवर चष्मा असतोच.

टप्पा ९ : बर्फ ओळखणे

खोलीच्या तापमानाला लागणारा दाब आला तरी बर्फ लगेच दिसेलच असं नाही. पाणी हट्टी आहे. सुरुवातीचं बीज मिळेपर्यंत ते रेषा ओलांडूनही द्रवच राहतं. म्हणून यादीतल्या आकड्यावर घाबरून न जाता दोन-तीन छोटे फेरे पुढे जा आणि प्रत्येक वेळी थांबा.

मग एका क्षणात सगळं भोक फोडलेल्या खडीसाखरेसारखं खडबडीत दिसू लागतं. तोच बर्फ. रूबी वाचली तर दाब किंचित खाली आलेला दिसेल, कारण बर्फ कमी जागा घेतो. बरीच मुलं इथे फोटो काढून सेल उघडतात. खरा उपयोगाचा भाग इथून पुढे आहे.

स्क्रू अगदी हळू सैल करा. कडेचे खडे वितळू लागतील. एकच लहानसा खडा उरला की थांबा आणि आता अतिशय हळू दाब वाढवा. तो एकटा खडा कडा धरत वाढतो, सरळ बाजूंचा स्वच्छ स्फटिक. सेल आडवा धरला तर तो पाण्यात खाली सरकताना दिसतो. आपल्या हातातल्या फ्रिजच्या बर्फाने हे कधीच केलेलं नसतं.

आता बर्फ आणि पाणी दोन्ही एकत्र आहेत. अशा स्थितीत, तापमान ठरलेलं असेल तर दाबही ठरलेला असतो. म्हणजे पाण्याने तुमची रूबी तपासता येते. उदाहरण घ्या : सेल ३३ अंशांवर, शून्य वाचलं होतं ६९४.३० वर, आता आर-१ आहे ६९४.७० वर. फरक ०.४०, भागिले ०.३६५, उत्तर १.१० गिगापास्कल. ३३ अंशांना पाणी आणि बर्फ-६ एकत्र राहतात तो दाबही १.१० च. जुळलं.

०.०५ पर्यंतचा फरक स्पेक्ट्रोमीटरच्या मर्यादेत जातो. ०.२ किंवा त्याहून जास्त फरक आला तर तीन गोष्टी याच क्रमाने पहा : शून्य त्याच तापमानाला वाचलं होतं का, लेझर रूबीला तापवतोय का, रूबीचा कण बर्फात किंवा दोन हिऱ्यांमध्ये अडकलाय का. अडकलेल्या कणाच्या रेषा रुंद होतात, दुसरा कण वाचून ताडून पाहता येतं.

बर्फ-७ पाहायचा असेल तर याच पद्धतीने २.१-२.२ गिगापास्कलपर्यंत जा. पहिल्या दिवशी जाऊ नका.

टप्पा १० : दाब उतरवणे

चढवताना जी शिस्त होती तीच उतरवताना. जोडीने, थोडं थोडं, थांबून. हिऱ्याला गोल चिरा पडतात त्या बऱ्याचदा दाब काढताना, कारण काम झाल्यावर हात सैल सुटतो. रूबी शून्यावर परत आली की त्याच तापमानाला पुन्हा एकदा वाचा. सुरुवातीच्या शून्याशी ती जुळत नसेल तर दिवसभराच्या सगळ्या आकड्यांच्या शेजारी तसं लिहा.

उघडल्यावर हिरे पुसा आणि टप्पा २ मधल्या फोटोंशी ताडून पहा. वापरलेलं गॅस्केट फेकू नका. भोकाचा शेवटचा आकार, चेपलेली जाडी आणि गाठलेला दाब लिहून छोट्या पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी जाडी किती ठेवायची ते त्यावरून ठरतं.

सेल घेऊन इंदूरला निघणार असाल तर स्क्रू सैल, हिऱ्यांमध्ये अंतर, पिस्टनला टेकू, आणि सगळं फोममध्ये. शिरपूरनंतर बिजासन घाटात गाडी चांगलीच हलते. डबा मांडीवर घ्या. डिकीत किंवा काचेमागच्या उन्हात नको. तिथे हिऱ्याची बैठक धरणारा गोंद मऊ पडला तर टप्पा ३ इंदूरला पोचल्यावर पहिल्यापासून करावा लागतो.